अल्प खर्चातील मुंबई-सहल : आखणी व व्यवस्था

सहल हा शालेय शिक्षणाचाच एक भाग आहे, हे आता सर्वत्र मान्य झाले आहे. पुस्तकात वाचलेली गोष्ट प्रत्यक्ष पाहिली म्हणजे ती मुलाच्या मनात कायमची घर करते, याचा अनुभव प्रत्येक शिक्षकास असतो. देवरूख परिसरातील मुलांच्या दृष्टीने मुंबईचे महत्त्व तर विशेष आहे. या भागातील असे घर क्वचितच आढळेल की, ज्यातील एखादा माणूस मुंबईस नोकरीला गेला नाही. मुलांच्या बोलण्यात लालबाग, परळ, दादर, डोंबिवली ही नावे नित्य येतात. तथापि ती गावे-पेठा कशा आहेत, आपले काका-मामा तेथे कसे राहतात, याची कल्पना अनेकांना नसते.

परंतु मुंबईची सहल ठरली की खर्चाचा प्रश्न उभा राहतो. सहलीचे पत्रक वर्गात वाचून दाखवल्यानंतर दोन-चार मुले शिक्षकांकडे येऊन ‘मला गाडी लागते’, ‘आजीला बरे नाही’ अशी कारणे सांगतात. ती कारणे बहुधा खरी नसतात. घरात पैसे नाहीत, हे सांगण्याचा संकोच त्यांमागे असतो. सहलीहून परतलेली मुले पुढे महिनाभर तिच्या गोष्टी सांगत असतात आणि मागे राहिलेली मुले त्या निमूटपणे ऐकत असतात. ज्या सहलीमुळे वर्गाचे असे दोन भाग पडतात, तिचा शैक्षणिक लाभ कितीही असला तरी ती अपुरीच म्हणावी लागेल. म्हणून सहलीची आखणी करताना ‘वर्गातील शेवटच्या मुलास परवडेल अशी सहल कोणती?’ हा प्रश्न प्रथम विचारावा आणि बाकीचे सर्व त्यावरून ठरवावे. त्या दृष्टीने काही सूचना येथे दिल्या आहेत.

१. हेतू आधी, स्थळे नंतर

मुंबईत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणूनच ते सर्व पाहण्याचा मोह टाळला पाहिजे. दोन दिवसांत बारा स्थळे पाहिलेल्या मुलांना गाडीची खिडकी आणि रांगा एवढेच आठवते. एका दिवसात तीन स्थळे पुरेशी समजावीत व ती शक्यतो एकमेकांच्या जवळ असावीत. स्थळे कमी झाली की प्रवेशशुल्क कमी होते, वाहनाचा खर्च वाचतो आणि मुले दमत नाहीत.

इयत्तेच्या अभ्यासक्रमातील कोणते घटक मुंबईत प्रत्यक्ष दिसतील, याची यादी शिक्षकांनी आधी करावी. रेल्वे, बंदर, स्वातंत्र्याचा लढा, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, प्राणी व वनस्पती, प्राचीन शिल्पकला यांपैकी दोन किंवा तीन विषय निवडावेत आणि मग त्या विषयांची स्थळे शोधावीत.

२. अंदाजपत्रकाची रीत

सहलीचा एकूण खर्च काढून त्यास मुलांच्या संख्येने भागावयाचे, अशी रीत बहुतेक ठिकाणी आहे. ती सोपी असली तरी तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. सहलीचा खर्च दोन प्रकारचा असतो. गाडीभाडे, मुक्कामाच्या जागेचे शुल्क, औषधपेटी हा खर्च मुले कमी आली म्हणून कमी होत नाही. त्यास ठरावीक खर्च म्हणावे. भोजन, प्रवेशशुल्क, लोकलचे तिकीट हा खर्च मात्र प्रत्येक मुलामागे वाढतो. त्यास माणशी खर्च म्हणावे. अंदाजपत्रकात हे दोन स्तंभ वेगळे ठेवावेत.

असे केल्याने काय दिसते, ते एका उदाहरणाने पाहू. येथील आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, सहलीस ४० मुले आहेत. ठरावीक खर्च २८,००० रुपये व माणशी खर्च ६०० रुपये आहे. तर प्रत्येक मुलास ठरावीक खर्चापैकी ७०० व माणशी ६०० मिळून १,३०० रुपये पडतील. आता पाच मुले पैशांअभावी गळाली. ठरावीक खर्च तेवढाच राहिला आणि तो ३५ मुलांवर पडला. म्हणजे प्रत्येकी ८०० रुपये. उरलेल्या प्रत्येकाची वर्गणी १,४०० रुपये झाली. त्याऐवजी त्या पाच मुलांकडून केवळ माणशी खर्चाचे ६०० रुपये घेऊन त्यांना सोबत नेले, तरी इतरांची वर्गणी १,४०० रुपयेच राहते. म्हणजे ही पाच मुले घरी राहिली काय किंवा आली काय, इतरांस एका पैचाही फरक पडत नाही. गाडीतील जागा मात्र रिकाम्या न जाता भरून जातात.

यावरून निष्कर्ष असा की, अडचणीतील मुलासाठी शिक्षकांस पूर्ण वर्गणीची तजवीज करावी लागत नाही. माणशी खर्चाची केली की पुरते. पाच मुलांचे तीन हजार रुपये उभे करणे हे एखाद्या गावास अवघड नाही. पालकसभेत ही मांडणी फळ्यावर करून दाखवावी. तिच्यामुळे शंका दूर होतात.

शिक्षकांचा खर्च मुलांच्या वर्गणीत गुपचूप मिसळू नये. तो स्वतंत्र दाखवून कोणी सोसावयाचा ते आधीच ठरवावे. एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याइतकी रक्कम आकस्मिक खर्चासाठी राखावी व ती उरल्यास परत करावी.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडील अनेक वाडीशाळांचा पट वीसच्याही आत आहे. अशा एका शाळेने स्वतंत्र गाडी ठरवणे म्हणजे ठरावीक खर्चाचे ओझे थोड्या मुलांवर टाकणे होय. केंद्रातील तीन-चार शाळांनी मिळून एकच सहल काढावी. मुलांना नवे सोबती मिळतात, शिक्षकांची संख्या पुरेशी होते आणि वर्गणी खाली येते.

३. पैसा व शिधा यांची जुळणी

मुंबईस जाण्यास मार्गशीर्ष-पौष, म्हणजे डिसेंबर-जानेवारी, हा काळ उत्तम. हवा सुखद असते व समुद्र शांत असतो. त्यातही ६ डिसेंबरच्या आसपासचे दिवस वगळावेत. महापरिनिर्वाण दिनानिमित्त दादर परिसरात लाखोंचा समुदाय लोटतो. सहल डिसेंबरात असली तरी तिची तयारी शाळा सुरू होताच जूनमध्ये करावी. एकदम हजार रुपये देणे ज्या घरास जड जाते, त्यास सहा महिन्यांत थोडे थोडे देणे जमते. प्रत्येक मुलाच्या नावाचे पान असलेली बचतवही ठेवावी व रक्कम शाळेच्या खात्यात भरावी.

भाद्रपदात गणपतीसाठी चाकरमानी गावी येतात. बहुतेक गावांचे मुंबईत ग्रामस्थ मंडळ असते. एके काळी गिरणगावातील चाळींत गावकीच्या खोल्या असत आणि नोकरीच्या शोधात आलेला तरुण प्रथम तेथेच उतरत असे. आज गिरण्या राहिल्या नाहीत, मंडळे मात्र बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत. मुख्याध्यापकांनी व शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी गणपतीच्या दिवसांतच या मंडळींची भेट घ्यावी. केवळ पैसे मागू नयेत. मुक्कामासाठी सभागृह, स्वयंपाकासाठी चार माणसे, मुंबईत वाट दाखवण्यासाठी दोन जाणते तरुण, असे नेमके साहाय्य मागावे. नेमके मागितले की माणसे पुढे येतात.

शिध्याचा विचारही अवश्य करावा. कार्तिकापर्यंत भाताची मळणी झालेली असते. ज्या घरी रोख पैसा नसतो, त्या घरीही नवा तांदूळ असतो. प्रत्येक मुलाने ठरलेल्या मापाने तांदूळ आणावा. ज्यांच्याकडे कुळीथ, कोकम, नारळ आहेत त्यांनी ते द्यावेत. पहिल्या दिवसाचे जेवण घरच्या भाकरी-चटणीवर भागते. मुंबईत भोजनगृहात चाळीस-पन्नास पाने वाढून घेणे आणि स्वतःच्या शिध्यावर डाळभात शिजवणे, यांच्या खर्चात फार मोठे अंतर आहे.

कोणत्या मुलाने किती दिले, हे वर्गात कधीही उघड होऊ देऊ नये. हिशेब उघड असावा, नावे नसावीत.

४. प्रवास व मुक्काम

पूर्वी कोकणातून मुंबईस जावयाचे म्हणजे बंदरावर जाऊन आगबोट गाठावी लागे व भाऊच्या धक्क्यावर उतरावे लागे. पुढे एस.टी.ने घाटवळणांचा प्रवास सुरू झाला आणि १९९८ साली कोकण रेल्वेवर पूर्ण मार्गाने वाहतूक सुरू झाल्यावर संगमेश्वर रोड हे स्थानक आपल्यासाठी जवळचे झाले. आज एस.टी. व रेल्वे हे दोन्ही मार्ग उपलब्ध आहेत; दोहोंची तुलना करून निर्णय घ्यावा.

एस.टी. महामंडळ शैक्षणिक सहलीसाठी भाड्यात ५० टक्के सवलत देते. देवरूख आगारात लेखी अर्ज करून गाडी लवकर नोंदवावी. सहलीच्या हंगामात गाड्यांची मागणी फार असते. गाडीची आसने किती आहेत, हे विचारूनच मुलांची संख्या निश्चित करावी. गाडी शाळेच्या दारापासून मिळते, ही मोठी सोय आहे. मात्र महामार्गावरील घाटांतून रात्री उशिरा प्रवास करू नये.

रेल्वेने जावयाचे असल्यास आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते, हे ध्यानात ठेवावे. पूर्वीची १२० दिवसांची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून राहिलेली नाही. ग्रामीण शाळांच्या अभ्याससहलींना रेल्वेच्या नियमांत सवलतीची तरतूद आहे. त्यासाठी कोणता नमुना भरावयाचा व कोणत्या वर्गास सवलत लागू आहे, याची स्थानकावर आगाऊ विचारणा करावी. देवरूख ते स्थानक हा सुमारे अठरा किलोमीटरचा प्रवासही अंदाजपत्रकात धरावा. रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परतल्यास मुक्कामाचा प्रश्नच उरत नाही. लहान गटास ही योजना सोयीची आहे.

मुक्कामासाठी ग्रामस्थ मंडळाचे सभागृह, पूर्वपरवानगी घेतलेली शाळा किंवा धर्मशाळा यांचा विचार करावा. जागा पाहूनच होकार द्यावा. पाणी, शौचकूप, मुलींसाठी स्वतंत्र खोली व दाराची कडी या चार गोष्टी मंडळातील एखाद्या माणसाने प्रत्यक्ष तपासून कळवाव्यात.

५. दोन दिवसांचा नमुना कार्यक्रम

पहिला दिवस : बोरीबंदर ते गेट वे. या भागातील बहुतेक ठिकाणे पायी पाहता येतात व त्यांपैकी अनेकांस शुल्क नाही.

आरंभ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून करावा. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी बोरीबंदर ते ठाणे अशी येथूनच धावली. आजच्या इमारतीचे काम १८७८ मध्ये सुरू होऊन सुमारे दहा वर्षे चालले. २००४ मध्ये तिचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. समोरची महानगरपालिकेची इमारत १८९३ मध्ये पूर्ण झाली. दोन्हींचा वास्तुशिल्पी फ्रेडरिक स्टीव्हन्स हा एकच होता. दोहोंतील साम्य मुलांनाच शोधू द्यावे. जवळच क्रॉफर्ड मार्केटपाशी सरदारगृह आहे. रत्नागिरीस जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे १ ऑगस्ट १९२० रोजी तेथे देहावसान झाले.

तेथून हुतात्मा चौकात जावे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्यापूर्वी कोणी प्राण वेचले, हे स्मारकासमोर उभे राहून सांगितलेले मुले विसरत नाहीत. पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय लागते. ते १९२२ मध्ये लोकांस खुले झाले. येथे शुल्क आहे. शाळांसाठी सवलत आहे का, याची पत्राने विचारणा करावी. सर्व दालने पाहण्याचा आग्रह नको. शिल्पांचे एक व प्राण्यांचे एक, एवढी दालने नीट पाहावीत. संग्रहालय कसे पाहावे याचा सराव देवरूख येथील लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालयात आधीच करून घेता येईल.

दुपारनंतर गेट वे ऑफ इंडिया पाहावे. ही कमान व वस्तुसंग्रहालय दोन्ही जॉर्ज विटेट याने रचली. कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. राजाच्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेल्या या कमानीतूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रज फौजेची शेवटची तुकडी भारत सोडून गेली. इतिहासाचा एवढा मोठा धडा येथे विनामूल्य मिळतो. वेळ उरल्यास संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा पाहावा. त्यांच्यावर अंत्यसंस्कार तेथेच झाले.

दुसरा दिवस : भायखळा ते दादर. सकाळी वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे आपली राणीची बाग, व तिच्या लगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय एकत्र पाहावे. संग्रहालय १८७२ पासूनचे असून जुन्या मुंबईच्या प्रतिकृती तेथे आहेत. त्याच्या आवारात एक दगडी हत्ती आहे. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडास नेण्यासाठी उचलत असता फुटला व पुढे तुकडे सांधून उभा करण्यात आला. घारापुरीच्या लेण्यांस पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही. परंतु नौकेच्या भाड्यात सहलीचा बराच पैसा व अर्धा दिवस जातो. ज्या शाळेस ते झेपणार नाही, तिने हत्ती दाखवून लेण्यांची चित्रे वर्गात दाखवावीत. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

दुपारी लालबाग-परळ भागातून जावे. मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे चालू झाली आणि पुढील शंभर वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य माणसे गिरण्यांत राबली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हा धंदा ओसरत गेला. गिरण्यांच्या जागी आज उंच मनोरे दिसतात. गावातील एखादे निवृत्त गिरणीकामगार भेटल्यास त्यांना मुलांशी अर्धा तास बोलण्याची विनंती करावी. पाळी कशी असे, खोलीत किती जण राहत, गावी मनिऑर्डर कशी जाई, हे प्रश्न मुलांनी आधीच लिहून न्यावेत. कोणत्याही तिकिटाने न मिळणारी ही गोष्ट आहे आणि कित्येक मुलांना आपल्या आजोबांचे आयुष्य त्यातून प्रथमच कळते.

अखेरीस दादर येथे चैत्यभूमीचे दर्शन घ्यावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे, हे मुलांना सांगावे. विज्ञानाचा विषय निवडलेल्या शाळांनी भायखळ्याऐवजी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र ठेवावे.

वार निवडताना साप्ताहिक सुट्या पाहाव्यात. राणीची बाग व भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी, तर घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. पूर्वीच्या प्रत्येक सहलीत असणारे तारापोरवाला मत्स्यालय २०२० मध्ये बंद झाले व इमारत धोकादायक ठरल्याने त्यानंतर उघडले नाही. म्हणून जुन्या सहलीचा कागद तसाच उतरवून घेऊ नये. प्रत्येक ठिकाणी दूरध्वनी करून वेळ व शुल्क विचारावे.

६. सुरक्षितता

काटकसर करावयाची ती इतर बाबतींत, सुरक्षिततेत नव्हे. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत रीतसर परवानगी व प्रत्येक पालकाचे लेखी संमतिपत्र घेतल्यावाचून सहल काढू नये. दहा मुलांमागे एक शिक्षक असावा आणि मुली असल्यास शिक्षिका असावीच. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शाळेचे नाव व दोन शिक्षकांचे दूरध्वनी क्रमांक असलेले ओळखपत्र असावे.

लोकलचा प्रवास मुलांना फार आवडतो व तो स्वस्तही आहे. परंतु सकाळी आठ ते अकरा व संध्याकाळी पाच ते नऊ या वेळा कटाक्षाने टाळाव्यात. चढताना एक शिक्षक सर्वांच्या आधी व एक सर्वांच्या शेवटी चढावा. एखादे मूल फलाटावर राहिल्यास त्याने तेथेच उभे राहावे. चुकून एकटेच गाडीत चढल्यास पुढच्या स्थानकावर उतरून तेथेच थांबावे. शिक्षक त्याच्याकडे येतील. हा नियम शाळेतच बाके मांडून दोन-तीनदा खेळून घ्यावा.

समुद्रात मुलांना उतरू देऊ नये, मग पाणी घोट्याएवढे का असेना. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. घारापुरीस जाणाऱ्यांनी प्रत्येक मुलाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज नौका सुटू देऊ नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी त्याच मार्गावर नौदलाची वेगवान नौका प्रवासी नौकेवर आदळून प्राणहानी झाली होती.

७. परतल्यानंतर

सहल गाव गाठल्यावर संपत नाही. आठवड्याच्या आत प्रत्येक मुलाने आपण पाहिलेल्या एका गोष्टीविषयी दहा ओळी लिहाव्यात. वर्गाने मिळून मुंबईचा मोठा नकाशा काढून त्यावर पाहिलेली स्थळे दाखवावीत. ज्या मंडळाने जागा दिली, ज्यांनी वाट दाखवली, त्यांना मुलांच्या हस्ताक्षरात आभाराची पत्रे जावीत. पुढील वर्षी साहाय्य मागणे त्यामुळे सोपे होते.

जमाखर्चाचा तक्ता पंधरा दिवसांच्या आत शाळेच्या फलकावर लावावा व शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचावा. शिल्लक रक्कम परत द्यावी किंवा समितीच्या संमतीने पुढील वर्षीच्या अडचणीतील मुलांसाठी राखून ठेवावी. तक्त्याच्या शेवटी दोन आकडे अवश्य लिहावेत : वर्गाचा पट किती आणि सहलीस आलेली मुले किती. हे दोन आकडे सारखे यावेत, यासाठीच वरील सर्व खटाटोप आहे. आणि जेथे ते सारखे नसतील, तेथे पुढील वर्षीची तयारी त्या फरकापासून सुरू करावी.